उबेची जागा

स्क्रीन काळी झाली तेव्हा फरोगत दहाव्या नक्षीतलं डाळिंबाचं फूल रंगवत होती. दोन श्वास अंधार, मग उजेड, आणि कोपऱ्यात तीच चिठ्ठी: ग्राफिक्सचा ड्रायव्हर बंद पडला होता, आता पूर्ववत झाला आहे. ड्रायव्हर पूर्ववत झाला, पण नक्षीचा प्रोग्राम बुडाला तो बुडालाच, आणि त्याच्याबरोबर पाऊण तासाचं काम. फरोगतने काही आपटलं नाही की ती ओरडली नाही. नुसती बघत बसली. तीन आठवड्यांपूर्वी ती नक्की ओरडली असती.

"झोपलं का परत?" समोर बसलेल्या मुनव्वरा-ओचांनी विचारलं. ओचा म्हणजे आई. त्यांच्या इस्तरावशान गावात सासूलाही ओचाच म्हणतात.

"झोपलं."

"माझी कलम चाळीस वर्षांत एकदा झोपली नाही बाई."

ओचा एके काळी गावातल्या नवऱ्यामुलींच्या भरतकामासाठी कापडावर शाईने नक्षी काढून द्यायच्या. बोटं थरथरायला लागली तेव्हा थांबल्या. टोमणा नेहमीचाच होता. फरोगतने तो नेहमीसारखाच गिळला आणि प्रोग्राम पुन्हा उघडायला घेतला. दोघी सांदलीच्या जाड गोधडीत कमरेपर्यंत पाय खुपसून बसल्या होत्या; बाहेर अंगणातल्या बादलीतलं पाणी सकाळपासून दगड होऊन पडलं होतं. जानेवारीतली वीज दुपारी यायची आणि दिवेलागणीला जायची. मधले जे चार-पाच तास मिळत, त्यांतच काय ते काम.

आईबापांनी पोरीचं नाव फरोगत ठेवलं, म्हणजे निवांतपणा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली दोन नवरा रशियात भिंतींना गिलावा करतोय, आणि इथे घर, सासू, कोळसा, पाणी आणि खुजंदच्या छपाई कारखान्याच्या नक्ष्या असं सगळं निवांतपणाच्या डोक्यावर.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉपवर आपोआप एक अपडेट आलं. न विचारता आलं, न विचारता बसलं. त्याच आठवड्यात स्क्रीन पहिल्यांदा काळी झाली. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत ज्या यंत्राने एकदाही कुरकुर केली नव्हती ते अपडेट आल्याबरोबर आजारी पडलं, मग संशय दुसऱ्या कुणावर घ्यायचा? फरोगतने ड्रायव्हर मागे नेला, म्हणजे नवा काढून जुना घातला. दोन दिवस बरे गेल्यासारखे वाटले, मग येरे माझ्या मागल्या. मग जुना मुळासकट उपटून, मशीन अर्धवट जागं करून, तिसराच कुठला तरी ड्रायव्हर उतरवला. इस्तरावशानच्या इंटरनेटवर तो उतरायला दीड दिवस लागला, त्यात तीनदा वीज गेली. मग कुणीतरी लिहिलं होतं म्हणून नक्षीच्या प्रोग्रामला सांगितलं की बाबा, ग्राफिक्सच्या चिपची मदत घेऊच नकोस, एकटा ओढ. तो एकटा ओढायला लागला तर एकेक फूल हलवायला इतका वेळ की तेवढ्यात चहा होऊन पिऊन व्हायचा. आणि तरी स्क्रीन काळी व्हायचीच, फक्त थोडी उशिरा.

हे सगळं एरवी सोसता आलं असतं. पण नवरोजच्या कापडासाठी बारा नक्ष्या शुक्रवारपर्यंत द्यायच्या होत्या, आणि कारखान्याचे मुकादम मिर्झोशरीफ-अका यांनी मागच्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. अका म्हणजे दादा; माणूस वाईट नाही. वाईट माणसाचं ऐकून घेणं सोपं असतं. हे आपुलकीने बोलत.

"बेटी, घरी बसून होत नसेल तर इथं येऊन बस. चांगलं मशीन आहे, वर खोली आहे, तीन बायका राहतात तिथं, गरम पाणी आहे. सोमवारपासून ये. नाहीतर मला दुसरी कुणी बघावी लागेल, वाईट वाटून घेऊ नकोस."

म्हणजे लॅपटॉप दुरुस्त झाला तर घर आणि काम दोन्ही. नाही झाला तर खुजंद. खुजंद काही चंद्रावर नाही, सामायिक टॅक्सीने दीड तास. पण रोज तीन तास बर्फातून जाणं-येणं नाही होत, आणि ओचा त्र्याहत्तरच्या. गुडघे असे की घरातून अंगणात जायचं तर आधी मनाची तयारी करावी लागे. कोळशाची बादली कोण आणणार, पाणी कोण तापवणार? हे ओचांना माहीत होतं. म्हणूनच गेले तीन आठवडे त्या यंत्राची विचारपूस घरातल्या पाहुण्यासारखी करत होत्या.

आणि फरोगतला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. मिर्झोशरीफ-अका "गरम पाणी" म्हणाले तेव्हा तिच्या मनात पहिला आला तो विचार नकाराचा नव्हता. जावं. कुणाच्या कोळशाचा, कुणाच्या गुडघ्यांचा विचार न करता सकाळी डोळे उघडावेत. असा विचार आला की तिला स्वतःची लाज वाटे, आणि लाज वाटली की ती ड्रायव्हर बदलायला घेई.

खुजंदला दुरुस्तीसाठी ती दोनदा जाऊन आली होती. दुरुस्ती करणारा कोमिल-अका हा चाळिशीतला, चष्म्याच्या काडीला तार गुंडाळलेला माणूस. त्याने लॅपटॉप आपल्या टेबलावर ठेवला, एक चाचणी लावली, तीन तास स्क्रीनवर रंगीत गोळे फिरत राहिले. काही झालं नाही. फरोगतने स्वतः तिथे बसून आठवी नक्षी अर्धी काढली. तरीही काही नाही. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो तसं ते यंत्र खुजंदमध्ये शहाणं व्हायचं आणि घरी आलं की तासाभरात मान टाकायचं.

"तुमच्या गावची वीजच वाईट," पहिल्या वेळी कोमिल-अका म्हणाला. ते खरंही होतं. तिने विजेचा दाब सांभाळणारं एक खोकं आणलं. ते खोकं रात्रंदिवस गुणगुणायचं, बाकी काही करायचं नाही.

मधल्या काळात ओचांनी आपला उपाय केला. शेजारच्या शरोफत-आपा येऊन लॅपटॉपवरच्या नक्ष्या बघून "वा, काय हात आहे पोरीचा!" म्हणून गेल्या होत्या, आणि माशाल्ला म्हणायचं विसरल्या होत्या. दृष्टच ती. फरोगत पाणी आणायला गेल्याचं बघून ओचांनी तव्यावर हजोरिस्पंदाचा वाळका पाला जाळला आणि तो कडू धूर लॅपटॉपभोवती सात वेळा फिरवला. फरोगत परत आली तर खोली धुराने भरलेली, लॅपटॉपचा पंखा घर्र घर्र करत सगळा धूर आत ओढतोय.

"ओचा! काय करताय?"

"काही नाही गं. जरा दृष्ट काढली."

"यंत्राची?"

"तुझी काढली असती, पण तू एका जागी उभी कुठं राहतेस?"

एरवी फरोगत हसली असती. त्या दिवशी ती म्हणाली, "माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नका," आणि ओचा तवा घेऊन, भिंतीचा आधार घेत, स्वयंपाकघरात गेल्या. दोन दिवस दोघींचं बोलणं मिठापाण्यापुरतं उरलं.

दुसऱ्या फेरीत कोमिल-अकाने लॅपटॉप उघडला. पंख्यावर चिकट काजळी होती. ती बघून त्याने भुवया वर केल्या, फरोगतने खाली बघितलं. त्याने सगळं पुसून, चिपवर नवा लेप लावून दिला. मग शाळामास्तरासारखे प्रश्न विचारले.

"आपा, मांडीवर घेऊन काम करता का?"

"नाही."

"गादीवर, उशीवर?"

"नाही हो, टेबलावर. खाली लाकडी फळीसुद्धा ठेवते, हवा खेळावी म्हणून."

"बरोबर करता," कोमिल-अका म्हणाला, आणि त्याने आशा सोडली. "मग चिपच मरायला टेकली असणार. पाच-सहा दिवस माझ्याकडे ठेवून जा."

पाच-सहा दिवस कुठून आणायचे? ती लॅपटॉप घेऊन परत आली. तो दिवस मंगळवार होता. आज गुरुवार, आणि दहाव्या नक्षीचं डाळिंब तिसऱ्यांदा गेलं होतं.

फरोगत उठली, अंगावर शाल घेतली आणि अंगणात गेली, कारण फोन फक्त विहिरीपाशी नीट लागायचा. मिर्झोशरीफ-अकांना ती फार काही बोलली नाही. यंत्र सुधारत नाही, म्हणाली. नऊ झाल्यात, तीन राहिल्यात, त्या तिथे येऊन करते.

"सोमवारी?"

"सोमवारी."

"शाब्बास. सासूबाईंना विचारलंस ना?"

"हो," फरोगत म्हणाली. हे खोटं होतं. बोलताना थंडीने तिचे दात वाजत होते, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती जांभई. इतकी मोठी की कानशिलं दुखली. डोळे मिटून तिथेच विहिरीच्या कठड्याला टेकावं असं तिला वाटलं. तेवढ्यात आतून हाक आली, सुनेला मारतात तशी.

"केलिन! ये गं जरा. तुझ्या यंत्राला मी हात लावत नाही, तूच सरकव."

ती आत गेली. ओचांच्या पुढ्यात कोमट दुधाचं मडकं होतं, चिंधीने गुंडाळलेलं.

"काय झालं?"

"दही लावते म्हटलं. महिना होत आला, बाजारचं खातोय आपण. पाणी आणि खडू नुसता. ते यंत्र थोडं बाजूला घे."

"मडकं ठेवा ना कुठेही. इकडे ठेवा."

"कुठेही ठेवून दही लागतं का पोरी? तिथं कडेला दिवसभर ठेवलं तरी दूधच राहील. ही जागा लागते, बरोबर निखाऱ्यांच्या डोक्यावरची. सगळ्यात उबेची. माझी सासूही इथंच लावायची. म्हणून तर तुझ्या यंत्राला दिली मी ही जागा."

फरोगत लॅपटॉप उचलायला वाकली होती ती तशीच थांबली.

"दिली म्हणजे?"

"अगं, सांदली पेटली त्या दिवशी मीच नाही का म्हटलं, इथं ठेव म्हणून? तू आपली कडेला बसत होतीस. आणि तू काम घेऊन बसलीस की मी दोन-चार निखारे जास्तीचे सारते खाली. तासन् तास हलत नाहीस, पाय गार पडत असतील तुझे. घरात ऊब असली म्हणजे माणूस..." ओचा चिंधीची गाठ सारखी करू लागल्या.

आता सांदली म्हणजे काय, हे फरोगतला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी विचार केला नव्हता. जमिनीत खळगा, खळग्यात निखारे, निखाऱ्यांवर बुटकं टेबल, टेबलावर चारही बाजूंनी लोळणारी गोधडी. हिवाळाभर माणसं तिच्याभोवती बसतात, तिच्यावर जेवतात, चहा पितात, तिच्याखाली पाय घालून झोपतात. कोमिल-अकाने विचारलं कशावर ठेवता, तर ती म्हणाली टेबलावर. मग काय म्हणणार? टेबलच ते. खुजंदच्या चौथ्या मजल्यावर, नळातून येणाऱ्या उष्णतेत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे चार उंच पायांचं टेबल आलं, आणि हिच्या डोळ्यांपुढे दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. दोघंही खरंच बोलत होते.

तिने लॅपटॉप उचलला. खालची फळी हाताला चटका देण्याइतकी तापली होती. फळीखालची गोधडी त्याहून. तीन आठवडे तिला वाटत होतं, बोटांखाली ही कळफलकाची ऊब किती बरी. या थंडीत एवढं एक तरी सुख आहे. वरून चिप तापत होती, खालून ओचा तापवत होत्या. कोमिल-अकाच्या थंड टेबलावर यंत्र शहाण्यासारखं का वागायचं, हे आता शेंबडं पोरही सांगेल. अपडेट बिचारं निर्दोष होतं. सांदली पेटली त्याच आठवड्यात आलं एवढाच त्याचा गुन्हा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"काय गं?" ओचा म्हणाल्या. "अशी काय बघतेस?"

"उष्णतेनं बंद पडत होतं ते," फरोगत म्हणाली. "निखाऱ्यांनी."

ओचांनी लॅपटॉपकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग शेजारी पडलेल्या निखाऱ्यांच्या चिमट्याकडे.

"म्हणजे मी...?"

इथे हसता आलं असतं. दुसऱ्या एखाद्या दिवशी, नीट झोप झालेल्या दिवशी, दोघी पोट धरून हसल्या असत्या आणि ही गोष्ट सात गल्ल्यांत पसरली असती. पण फरोगतच्या अंगात हसण्याएवढं काही उरलं नव्हतं.

"हो, तुम्हीच," ती म्हणाली. "तीन आठवडे तुम्हीच भाजत होतात त्याला. आणि मला."

लॅपटॉप, फळी, गुणगुणणारं खोकं असं सगळं काखोटीला मारून ती अंगण ओलांडून पाहुण्यांच्या खोलीत गेली. लग्नाकार्याशिवाय ती खोली उघडत नसत. तिथे ना निखारे ना माणूस, आणि श्वास टाकला तर धूर दिसायचा. तिने लॅपटॉप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, शालीवर नवऱ्याचा जुना चापान, कापूस भरलेला अंगरखा, चढवला आणि डाळिंबाचं फूल चौथ्यांदा काढायला घेतलं.

स्क्रीन काळी झाली नाही. अर्धा तास झाला, तास झाला, वीज जायची वेळ झाली, तरी नाही. तिने ग्राफिक्सची चिप परत कामाला लावली. फुलं बोटाबरोबर सरकू लागली. यंत्र असं धावत होतं की इतक्या दिवसांचा राग कुणावर काढायचा तेच कळेना. फोन खिशात होता. विहिरीपाशी जाऊन, अका, सुधारलं बरं का यंत्र, सोमवारी येत नाही, एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं. ती गेली नाही.

रात्री दोघी आपापल्या रोटीकडे बघत जेवल्या. शुक्रवारी सकाळी तिने रोजच्यासारखे निखारे आणून खळग्यात भरले, चहा-रोटी पुढ्यात ठेवली, आणि वीज यायच्या आधीच पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसली. बोटं आखडली की काखेत घालायची, सुटली की पुन्हा काढायची. अकरावी नक्षी झाली. बारावी दुपारी तीनला झाली. तिने बाराही विहिरीपाशी उभं राहून फोनवरून पाठवल्या, एकेक करत, आणि शेवटची गेल्याची खूण आली तेव्हा तिला आनंद झाला नाही. खांद्यावरून पोतं उतरवल्यावर खांदा ठणकायला लागतो तेवढंच झालं.

घरात आली तर दारातच ठेचकाळली. उंबऱ्याशी बादली होती, बादलीत राखेखाली विझत चाललेले निखारे. आत ओचा सांदलीशी बसल्या होत्या. अंगावर दोन चापान, डोक्यावर दोन रुमाल, नाकाचा शेंडा लाल. दुधाचं मडकं कोपऱ्यात, तसंच.

"हे काय?" फरोगत म्हणाली. "निखारे कुणी काढले?"

"मी काढले. चिमट्यानं एकेक काढला. बादली ढकलत ढकलत नेली." ओचांनी टेबलावर हात आपटून दाखवला. "बघ, गार आहे. आता नाही तापायचं तुझं यंत्र. आण इकडे आणि बस इथं."

"ओचा, वेड लागलं का तुम्हाला? गुडघे..."

"गुडघे काय, आहेत तिथंच आहेत. तू तिकडं गोठतेस आणि मी इथं उबेत बसून काय करू? भिंतीशी बोलू? भिंतीला माझ्या गोष्टी पाठ झाल्यात."

"निखारे काढायची काही गरज नव्हती," फरोगत म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "या खोलीतल्या खिडकीत ठेवला असता तरी चाललं असतं. गोधडीच्या बाहेर गारच असतं सगळीकडे."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. ओचांनी खिडकीकडे बघितलं. सांदलीपासून चार पावलं. कट्टा रुंद, रिकामा, वर दुपारचं ऊन.

"मग तिकडं का गेलीस?" ओचांनी विचारलं.

त्या रागाने विचारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. फरोगत अजून दारातच उभी होती. सांगण्यासारखी पुष्कळ उत्तरं होती, वीज, उजेड, जागा. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"सोमवारी खुजंदला येते म्हणून सांगितलंय मी," ती शेवटी म्हणाली.

"ऐकलं. विहिरीवर बोललेलं सगळ्या गल्लीला ऐकू येतं. मला विचारलंस, असंही सांगितलंस त्यांना."

फरोगतचे कान तापले. "यंत्र बिघडलं होतं तेव्हा सांगितलं मी."

"आणि सुधारल्यावर?"

फरोगत खाली बसली. गार गोधडीत पाय घातले, कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं, आणि ड्रायव्हरच्या तीन आवृत्त्या, दोन फेऱ्या, एक खोकं आणि चार डाळिंबं यांच्यानंतर पहिल्यांदा खरं बोलली.

"थकले मी, ओचा. फार थकले."

ओचा हातांच्या आधाराने तिच्याजवळ सरकल्या.

"मग थकले म्हण की," त्या म्हणाल्या. "त्या यंत्राच्या नावानं काय खडे फोडतेस? आणि माझ्या?" त्यांचा हात फरोगतच्या डोक्यावर आला, केसांवरून फिरला नाही, नुसता राहिला. "मला वाटलं, पोरीला ऊब कमी पडते. घालत होते आपली निखारे. मला काय ठाऊक, तुला नुसतं पडायचंय ते?"

"मी नाही जात सोमवारी."

"गप. थकलेल्या माणसानं शब्द देऊ नये. एक देऊन बसलीयस तेवढा पुरे. झोप आता. जायचं का राहायचं, ते उठल्यावर."

"निखारे भरून देते आधी. तुम्ही गोठाल."

"शरोफतला हाक मारते मी. दृष्ट लावून गेलीय, भरेल की बादली. झोप म्हटलं ना."

फरोगत तिथेच, गोधडी खांद्यावर ओढून आडवी झाली. दिवसाउजेडी ती या घरात कधी झोपली नव्हती. सुना झोपत नाहीत. आत पाय सरकवताना ओचांचे पाय लागले, लोकरी मोज्यांतले, बर्फासारखे गार. ते मागे सरले नाहीत. तिने आपले पाय त्यांना चिकटवून ठेवले.

डोळे मिटल्यामिटल्या तिला कळलं की आपण सोमवारी जाणार नाही. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. पडायला मिळालं होतं, आणि उठून दीड तास टॅक्सीत बसायचा विचारही नको वाटत होता.

टेबलावर ठेवलेला फोन वाजला; घरातही तो कधीमधी लागायचा. ती उठू लागली तर ओचांनी तिच्या खांद्यावर तळवा दाबला आणि फोन स्वतः उचलला. कानाला उलटा लावला, मग सुलटा केला.

"मिर्झोशरीफ का? सलाम. मी सासू बोलतेय." पलीकडून बराच वेळ आवाज आला. नक्ष्या आवडल्या असाव्यात. "हो, हो. हात चांगलाच आहे तिचा... माशाल्ला म्हणा आधी... नाही, आता नाही बोलता येणार, निजलीय... सोमवारचं का? ते तीच सांगेल, उठली म्हणजे."

पलीकडून पुन्हा काहीतरी विचारलं गेलं.

"यंत्र? यंत्राला काही झालेलं नाही. माणूस थकलंय. उद्या करा फोन."

ओचांनी फोन गोधडीवर पालथा ठेवला. फरोगतने हे सगळं मिटल्या डोळ्यांनी ऐकलं, आणि उठली नाही.